खालचं

तळ्यात उतरायचं तर ऊन चढायच्या आत, हा आक्काचा नेम होता. ऊन चढलं की खालच्याला असा काही वास सुटायचा, की नाकाला फडकं लावावंसं वाटे. पण चटयांसाठी पाणकणीस कापताना नाक सांभाळायला हात उरतो कुठं? एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हातानं विळा ओढायचा. नाक बिचारं उघडंच.

खालचं म्हणजे तळ्यातलं. तळ्यात जे होतं त्याला पाणी म्हणायचं त्या वस्तीनं सात-आठ वर्षांपूर्वीच सोडलं होतं. कोणी ठरवून सोडलं नव्हतं, जिभेवरून आपोआप गेलं. पाणी म्हणजे टेकाडावरच्या विहिरीचं, दोन कॅन घेऊन अर्धा तास चढायचं आणि अर्धा तास उतरायचं तेव्हा घरात येतं ते. ‘पाण्याला जाऊन आले’, ‘पाणी संपलं गं’, ‘पाण्यावर झाकण ठेव’ असं बायका म्हणायच्या ते सगळं त्या विहिरीबद्दल. भांडी विसळायला खालचं, ओटा धुवायला खालचं, पाणकणीस भिजवायला खालचं. आणि हे दोन शब्द कधी कोणाच्या घरात एकमेकांत मिसळले नाहीत, कारण मिसळले तर पोट बिघडायचं.

आक्का गुडघ्यापर्यंत आत गेली. पायात उंच रबरी बूट होते. डावा फाटलेला होता, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. आत गार लागलं तेव्हा तिला कळलं की तुकडा पुन्हा सुटला.

“मेल्या, आजच सुटायचं होतं का तुला?” ती बुटाला म्हणाली. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस बुटाशीसुद्धा भांडतं.

तिनं मूठ धरली आणि विळा लावायच्या आधीच अख्खा झुबका बुडासकट हातात आला. बुंधे काळे, चिकट. दुसरी मूठही तशीच. यंदा हे असंच चाललं होतं. कापायचं काम उरलंच नव्हतं, कुजलेलं उपसायचं आणि त्यातून चांगलं निवडायचं. दोन तास वाकून एक भारा झाला. तो डोक्यावर घेऊन ती वर आली तेव्हा बोटांच्या पेरांमधली कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. ती तिनं दातानं तोडली, थुंकली आणि भारा ओट्यावर टाकला.

एके काळी त्या रांगेतली सातही घरं चटया विणायची. टेकाडामागं कागदाचा कारखाना आला, त्याचा घाणीचा नळ ओढ्यात सुटला आणि ओढा तळ्यात. मग एकेक घर विणकाम सोडून त्याच कारखान्यात कामाला लागलं. शेजारच्या घरातला आता तिथं फाटकावर होता, म्हणून त्याला सगळे फाटकवाला म्हणत आणि त्याच्या बायकोला फाटकवाली. सातांतली एक आक्का तेवढी अजून विणत होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. राहिला होता एक धाकटा भाऊ, आणि तो खासदार होता.

खासदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गाड्या येतात. याच्याकडं कसली गाडी! याचा पक्ष तीन माणसांचा, तोही विरोधी बाकावरचा, अगदी मागच्या रांगेतला. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा, आक्का सतराची. चटया विणून तिनं त्याला शिकवला आणि तो शिकून काय झाला, तर उठून उभं राहणारा. संसदेचं कामकाज रेडिओवर लागायचं. त्यात दिवसातून एकदा तरी तो उभा राहायचा, आणि अध्यक्ष म्हणायचे, “सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं.” तो बसायचा, पुन्हा उठायचा. वस्तीनं त्याचं नाव उठबशे ठेवलं होतं. “काय म्हणतात आमचे उठबशे?” असं फाटकवाला ओट्यावर चहा पिता पिता विचारायचा, आणि आक्का म्हणायची, “गुडघे दुखतात म्हणत होता.” सगळे खदखदून हसायचे. त्या हसण्यात तेव्हा विष नव्हतं.

विणताना ती रेडिओ लावून ठेवायची. कोणत्या तरी रस्त्याबद्दल, कसल्या तरी करांबद्दल तासन्‌तास चाललेलं असे. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. त्या सगळ्या गलबल्यात केव्हा तरी त्याचा आवाज येईल, एवढ्यासाठीच ती ते ऐकायची.

त्या दिवशी दुपारी तो आवाज आला. “अध्यक्ष महोदय, मी ज्या वस्तीत वाढलो तिथं एक तळं आहे,” तो म्हणाला, आणि आक्काचे हात थांबले. त्यानं नळाचं सांगितलं, कुजलेल्या बुंध्यांचं सांगितलं. तळ्यात हात घालून पोट भरणाऱ्यांच्या बोटांची कातडी कशी सोलून निघते ते सांगितलं. बसा म्हटल्यावरही तो बसला नाही. शेवटी मंत्री वैतागून म्हणाले, “ठीक आहे, पाहणी पथक पाठवतो, नमुना तपासतो आणि या सभागृहात उत्तर देतो.”

आक्काला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं. हे कोणाला तरी सांगावं म्हणून ती ओट्यावर आली. फाटकवाली तिच्या दारात उभी होती. तिच्याही घरात रेडिओ होता.

“ऐकलंस का गं?” आक्का म्हणाली.

“ऐकलं,” फाटकवाली म्हणाली. “कारखाना बंद पडला तर तुझा भाऊ आमच्या घरी जेवण घेऊन येणार आहे का, तेवढं विचार त्याला.” आणि तिनं दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून आक्काच्या ओट्यावर चहाला कोणी आलं नाही. विहिरीवर ती पोचली की बोलणं थांबायचं. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. रांगेत तिचा नंबर आला की बायका दोर तिच्या हातात द्यायच्यासुद्धा, पण कोणी तिच्याकडं बघायचं नाही. आक्काला वाटायचं, त्यापेक्षा एखादीनं झिंज्या धरल्या असत्या तरी चाललं असतं.

भावाचा फोन आला. “आक्का, परवा माणसं येतायत. त्यांना नीट वागव हं. तापू नकोस.”

“घरी आलेल्या माणसावर मी कशाला तापेन?”

“तसं नाही गं. तुझी जीभ म्हणजे... बरं, जाऊ दे. त्यांना सगळं दाखव.”

त्या सकाळी आक्का दोनदा टेकाड चढली. चार कॅन आणले. दुसऱ्या खेपेला पाय लटपटायला लागले, तरी ओट्यावर तिनं नवी चटई पसरली, पेले राखेनं घासले आणि ते विसळायलाही वरचंच घेतलं. हा माज ती वर्षात एखाद्या वेळीच करायची.

“चार कॅन!” फाटकवाली भिंतीपलीकडून कोणाला तरी म्हणाली. “जावई येतोय वाटतं.”

जीपमधून साहेब उतरले, एक कारकून उतरला, ड्रायव्हर आतच बसला. साहेब तळ्याच्या काठापर्यंत गेले. तिथं त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि आपल्या बुटांकडं पाहिलं. बूट नवे होते.

“चिखल फार आहे हो,” ते म्हणाले.

“माझे बूट देऊ का?” आक्कानं विचारलं. “एक जरा गळतो, पण चालतो.”

साहेबांनी ट्यूबचा तुकडा पाहिला आणि हसून मान हलवली. कारकुनानं एक फोटो काढला. समोरून ऊन येत होतं, त्यामुळं तळं नुसतं चकाकत होतं. पाच मिनिटांत दोघं ओट्यावर येऊन बसले. आक्कानं हात दाखवले. साहेबांनी “हं, हं” केलं. तिनं पेले पुढं केले आणि साहेबांनी एका दमात पेला रिकामा केला.

“वा! गोड आहे की पाणी.”

किती दिवसांनी कोणी तरी तिच्या ओट्यावर बसून काही तरी प्यायलं होतं. आक्काचा ऊर भरून आला. “आपलं पाणी चांगलंच आहे, साहेब,” ती म्हणाली आणि पेला पुन्हा भरला. कारकून वहीत काही तरी लिहीत होता.

“आम्हाला अजून दोन ठिकाणं करायची आहेत,” साहेब उठत म्हणाले. त्यांनी कारकुनाच्या पिशवीतून एक बाटली काढली. “मावशी, एवढी बाटली पाण्यानं भरून द्या बघू.”

“कुठलं देऊ?” आक्कानं विचारलं. कारण सकाळचं ताजं होतं आणि कालचं थोडं शिल्लक होतं.

“तुमचं नेहमीचंच द्या. रोज घेता ते.”

तिला वाटलं, ऊन आहे, लांबचा रस्ता आहे, वाटेत तहान लागेल. खालचं घ्यायला ही माणसं आता पुढं कारखान्याच्या नळापाशी जाणार, तिथं काठ पक्का आहे, बूट भरणार नाहीत. तिनं बाटली आत नेली, तीन वेळा विसळली, आणि सकाळचं ताजं पाणी गाळून काठोकाठ भरलं. बाहेरून पुसून बाटली साहेबांच्या हातात दिली.

“धुवायची गरज नव्हती,” कारकून म्हणाला.

“असू दे हो. पाहुण्याची वस्तू.”

त्यानं वही पुढं केली. “इथं सही करा. आम्ही येऊन गेलो म्हणून.” आक्कानं सही केली. अक्षर तिचं चांगलं होतं. जीप निघाली तेव्हा कारकून मांडीवर बाटली धरून तिच्यावर कागद चिकटवत होता. प्रत्येकाची बाटली वेगळी ओळखू यावी म्हणून असेल, असं आक्काच्या मनात आलं. भाऊ म्हणाला होता तसं तिनं नीट वागवलं होतं. ती दिवसभर खुशीत होती.

पुढचे तीन आठवडे ती कुजलेल्यातून चांगलं निवडत राहिली, वाळवत राहिली, विणत राहिली. चटयांची चळत छतापर्यंत गेली. दर आठवड्याला येणारा व्यापाऱ्याचा टेंपो तिच्या दारावरून न थांबता गेला. दुसऱ्या वेळी ती आडवीच उभी राहिली, तेव्हा त्यानं काच खाली केली.

“आक्का, माझा काय दोष? गिऱ्हाईक विचारतं, ही त्या खासदाराच्या तळ्यातली का? अंगाला खाज सुटते म्हणे. तुझ्याच भावानं सगळ्या देशाला सांगितलंय, आता मी कोणाकोणाची तोंडं धरू?”

ती बाजूला झाली.

उत्तराचा दिवस आला. आक्का रेडिओसमोर बसली. हात रिकामे राहू नयेत म्हणून दोरी वळत होती. मंत्र्यांचा आवाज मजेत होता.

“सदर ठिकाणी पथकानं प्रत्यक्ष भेट दिली. पाण्याचा नमुना तपासला असता तो पिण्यास योग्य आढळला.” बाकं वाजली. आक्काला वाटलं, किती धडधडीत खोटं बोलतो हा माणूस! “एवढंच नव्हे,” मंत्री म्हणाले, “हा नमुना कोणी भरून दिला? सन्माननीय सदस्यांच्या सख्ख्या भगिनीनं. स्वतःच्या हातानं. त्यावर त्यांची सही आहे. आणि ‘आपलं पाणी चांगलंच आहे’ असं त्या म्हणाल्याची नोंदही आहे. आता घरातच एकमत नसेल, तर सरकार काय करणार?”

सगळं सभागृह हसलं. हसू थांबेना.

आक्काच्या हातातून दोरी सुटली. बाटली. विसळलेली, गाळून भरलेली, पुसून दिलेली बाटली. ती भिंतीला टेकून बसली.

“अध्यक्ष महोदय,” रेडिओतून भावाचा आवाज आला. “माझा आणखी प्रश्न नाही,” तो म्हणाला. आजवर बसवलं तरी पुन्हा उठणारा तो, त्या दिवशी कोणी न सांगता बसला.

भिंतीपलीकडं फाटकवाल्याचं हसणं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं दार वाजलं. फाटकवाली उभी होती, हातात झाकलेलं भांडं.

“अगं, आधी सांगायचं नाहीस का! आम्ही आपले तुझ्यावर रुसून बसलो. मनातून तू आमच्याच बाजूची निघालीस की!” तिनं भांडं आक्काच्या हातात दिलं आणि तिचा दंड धरून तिला ओट्यावर आणून बसवलं. मागोमाग आणखी दोघी आल्या. चहा झाला. एकीनं आक्काचे हात बघून कुठलं तरी मलम सुचवलं. आक्का बोलली नाही. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं. आणि खरं सांगायचं तर, तिच्या खांद्याला दुसऱ्या माणसाचा खांदा लागला होता, तो तिला इतक्यात सोडवत नव्हता.

चार दिवस असेच गेले. विहिरीवर तिला हाका मारून बोलावलं जाऊ लागलं. व्यापाऱ्यानं टेंपो थांबवला, अर्धी चळत चढवली. वर्तमानपत्रातलं ‘पिण्यास योग्य’ हे कात्रण त्यानं काचेला आतून चिकटवलं होतं. “आता विचारू दे कोणाला विचारायचं ते!” तो म्हणाला. आक्का हसल्यासारखं करून आत गेली. सगळी वस्ती परत आली होती आणि ती एका चुकीवर आली होती. खालच्यात उतरली की कुजलेले बुंधे तिच्या हातात यायचे, आणि वर आली की लोक तिला चहाला बोलवायचे.

पाचव्या दिवशी सकाळच्या बसनं भाऊ आला. खांद्याला एकच पिशवी. दाढी वाढलेली. त्यानं बाटलीचा विषयच काढला नाही. जेवला, ओट्यावर बसून बुटाचा तुकडा काढला आणि नवा बसवायला लागला. फाटकवाला रस्त्यानं जाता जाता म्हणाला, “या उठबशे, बरे आहात ना?” भाऊ म्हणाला, “बरा आहे.”

आक्कानं दुपारपर्यंत वाट पाहिली. मग तिच्यानं राहवेना.

“शिव्या तरी दे रे मला.”

“कशाबद्दल?”

“सोंग करू नकोस. त्या माणसानं पाणी मागितलं आणि मी पाणी दिलं. त्याला खालचं हवं होतं.”

भाऊ तुकड्यावर अंगठा दाबून बसला होता. “मला तिथंच कळलं होतं,” तो म्हणाला. “पिण्यास योग्य म्हटल्याबरोबर कळलं. पाणी मागितल्यावर तू काय देणार? इथं कोणीही तेच दिलं असतं.”

“मग तिथं बोलला का नाहीस?”

“काय बोलू? माझ्या बहिणीला नमुना म्हणजे काय ते कळलं नाही, तिनं विहिरीचं भरून दिलं, असं? ती सगळी आधीच हसत होती, आक्का. आणखी तुझ्यावर हसली असती. ते छापून राहतं. कायमचं राहतं.”

“म्हणजे माझ्यासाठी गप्प बसलास.”

“हो.”

आक्काला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला भरून येईल. तसं झालं नाही. तिच्या डोक्यात तिडीकच गेली. “कोणी सांगितलं होतं तुला? मी सांगितलं? माझ्या अब्रूची काळजी तुला, आणि हे?” तिनं दोन्ही हात त्याच्या नाकापुढं धरले. “हे काय अब्रूनं बरे होणार आहेत?”

तो हातांकडं बघत राहिला.

“पुन्हा विचारता येतं का तो प्रश्न?”

“नाही. उत्तर दिलेला प्रश्न या अधिवेशनात पुन्हा घेत नाहीत. नमुनाच चुकीचा होता असा लेखी पुरावा दिला तरच.”

“मग लिही. मी सांगते, तू लिही. सही मी करते.”

भाऊ लगेच उठला नाही. त्यानं शेजारच्या ओट्याकडं पाहिलं. सकाळी तिथून हाक आलेली त्यानं ऐकली होती, फडताळात शेजारचं भांडं पाहिलं होतं. “आक्का,” तो हळू म्हणाला, “मी परवा निघून जाईन. इथं तुला राहायचंय. आता कुठं लोक तुझ्याशी बोलायला लागलेत. हे वाचल्यावर परत कोणी उंबऱ्यावर येणार नाही. टेंपोही थांबणार नाही. नीट विचार कर.”

“चार दिवस तोच करतेय. तुला काय वाटतं, मला नको आहेत ती माणसं?” तिचा आवाज चिरकला. “मला हवी आहेत रे. फार हवी आहेत. घे कागद.”

त्यानं कागद घेतला. ती सांगत गेली. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीचं. तळ्यात आहे त्याला आम्ही खालचं म्हणतो. साहेबांनी पाणी मागितलं. मला वाटलं त्यांना वाटेत प्यायला हवं. म्हणून मी बाटली विसळून ताजं पाणी गाळून भरलं.

“वाच.”

त्यानं वाचलं. “‘...अनवधानानं विहिरीतील जल सुपूर्द केलं गेलं.’”

“हे मी कधी बोलले? अनवधान म्हणजे काय?”

“चुकून.”

“मग चुकून लिही. आणि जल कशाला? जल मागितलं असतं तर मी त्याला काहीच दिलं नसतं. सगळा घोटाळा त्या एका शब्दाचा आणि तू तोच खोडतोस?”

भाऊ हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि त्यानं कागद उलटा करून नव्यानं लिहायला घेतलं. या वेळी ती सांगेल तसंच लिहिलं. शेवटी ती म्हणाली, “घाल, की मी मूर्खपणा केला.”

“हे नाही घालणार.”

“घाल. नाहीतर ते म्हणतील की भावानं बहिणीकडून लिहवून घेतलं. स्वतःला मूर्ख म्हणायला कोणी कोणाला शिकवत नाही.”

त्यानं घातलं. आक्कानं खाली सही केली, तशीच सुवाच्य.

पत्र सभागृहात वाचलं गेलं तेव्हा ते सगळे हसले. मूर्खपणावर हसले, पाणी आणि खालचं यावर तर पुन्हा पुन्हा हसले. आक्का आपल्या घरात एकटी बसून ते ऐकत होती. भिंतीपलीकडं तोच आवाज चालू होता, पण तिथं कोणी हसत नव्हतं. भाऊ दर वेळी हसणं थांबेपर्यंत थांबायचा आणि पुढचं वाक्य वाचायचा. एकही शब्द त्यानं गाळला नाही. शेवटी शेवटी हसणं पातळ झालं, आणि मंत्र्यांनी त्रासिक आवाजात सांगितलं की नमुना पुन्हा घेऊ.

फाटकवाली भांडं परत न्यायला आली. आत आली नाही. आक्कानं ते घासून ठेवलं होतं. तिनं ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि म्हणाली, “शाबास हो.” एवढंच.

दहा दिवसांनी नवं पथक आलं. या वेळी एक तरुण अधिकारी बाई होती, स्वतःचे उंच बूट घातलेली. तिनं आक्काला काही विचारलं नाही. सरळ तळ्यात उतरली, तीन जागी वाकून बाटल्या भरल्या, एक नळापाशी जाऊन भरली. बाटल्यांत गढूळ तपकिरी दिसत होतं आणि वर फेस तरंगत होता. आक्का काठावरून बघत होती. विळ्यानं कापावं तसं काही तरी तिच्या आतून मोकळं झालं. झालं एकदाचं, तिला वाटलं.

ती घरात जाऊन पेले घेऊन आली. बाई घामाघूम झाली होती, ओठ सुकले होते.

“नको, मावशी,” ती म्हणाली.

“अहो, ताजं आहे. सकाळीच टेकाडावरून आणलंय.”

“तसं नाही.” बाई अवघडली. “तुमच्या हातून काहीही घ्यायचं नाही, असा लेखी हुकूम आहे. मागच्या वेळी तसं झालं ना, म्हणून.”

“पाणीसुद्धा?”

“पाणी तर मुळीच नाही.” तिनं आपल्या पिशवीतून स्वतःची बाटली काढली, आक्काकडं पाठ केली आणि घटाघट प्यायली. जीप निघून गेली.

आक्का पेले धरून उभी होती. रांगेतली सहाही दारं लागलेली होती. एका खिडकीशी कोणी तरी होतं, ते आत सरकलं. टेंपो यायचा दिवस होता, पण तो तळ्याकडच्या रस्त्यानं आलाच नव्हता. नवरा गेला तेव्हासुद्धा तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान दारात माणसं मावत नव्हती.

आत फोन वाजला. भावाचा होता. मागं लोकांचा गोंगाट ऐकू येत होता.

“आक्का, भरलं का त्यांनी?”

“भरलं. बुडापासून भरलं. चार बाटल्या.”

“खरंच?” तो लहान असताना ओरडायचा तसा ओरडला. “आता बघ! आता कसं उत्तर देतात बघतोच.” मग त्याचा आवाज खाली आला. “आणि तू? लोक बोलतात का तुझ्याशी?”

आक्कानं दारातून बाहेर पाहिलं.

“न बोलायला काय झालं?” ती म्हणाली. “ओट्यावरच बसलीयेत सगळी. चहा चाललाय. फाटकवाली म्हणतेय, उठबश्यांना सांग, गुडघे सांभाळा.”

तो मोठ्यानं हसला. “मग ठेवू? तू जा त्यांच्यात.”

“हो, ठेव,” आक्का म्हणाली. “हाका मारतायत मला.”